चालू आहे

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. पण पाठीमागचं ऐकू येण्याइतका त्याचा कान तयार होता, आणि खरं सांगायचं तर हे नाव त्याला मनातून आवडतही होतं. दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघितल्याशिवाय ज्याला जिना उतरवत नाही, त्याला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय?

वय चोपन्न. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका गिऱ्हाइकाला सापडायच्या आधी आपण शोधायच्या. हे काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून जगात कुणी कुणाचे आभार मानलेले नाहीत. नवी आवृत्ती बाहेर पडली की केक कापला जाई तो खिडकीच्या बाजूला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या घोळक्यात. तपासणाऱ्यांची टेबलं होती स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून. केक तिथवर पोचेपर्यंत त्यावरचं क्रीम गेलेलं असे.

कंपनी तशी छोटी, चाळीसेक माणसांची, आणि ती जगत होती एका हिरव्या बटणावर. एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी त्यांनी फोनवर एक सोय केली होती. रोज सकाळी नऊला फोन विचारणार, ‘ठीक आहात ना?’ खाली हिरवं बटण. दाबलं की झालं. दहापर्यंत दाबलं नाही, तर त्या माणसानं ज्याचा नंबर ‘जवळची व्यक्ती’ म्हणून दिला असेल, त्याला आपोआप मेसेज जाणार.

शंकासुराच्या फोनवरही हे होतंच. पहिल्या आवृत्तीपासून, तपासायला म्हणून घेतलेलं. ‘जवळची व्यक्ती’ या चौकटीपुढं त्यानं त्या वेळी क्षणभर विचार केला होता आणि तात्पुरता म्हणून स्वतःचाच नंबर टाकला होता. त्या तात्पुरत्याला आता चार वर्षं झाली होती. म्हणजे उद्या त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर ती बातमी सगळ्यात आधी त्यालाच कळली असती.

हा धंदा त्याच्या अंगात आला तो मामाच्या दुकानातून. मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा आणि कॉलेजची चार वर्षं हा संध्याकाळी तिथं बसायचा. तपासलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे: ‘चालू आहे’ किंवा ‘बंद आहे’. तिसरी चिठ्ठी दुकानात नव्हतीच. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी मामा म्हणायचा, “तोंडाकडं बघू नकोस, चिठ्ठी बघ.” हे वाक्य भाच्यानं इतकं मनावर घेतलं की पुढं बायकोच्या तोंडाकडं बघायचंही राहून गेलं. पण ते नंतर.

कंपनीनं पाच जणांची टीम उभी करायला सांगितली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, हा कॉम्प्युटरवाले पाच घेईल. त्यानं तसले दोनच घेतले. तिसरा घेतला मुद्रितशोधक, छापखाना बंद पडल्यामुळं घरी बसलेला, ज्याचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलं होतं. चौथा, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करून बधिर झालेला. त्याला सगळे तक्रारवालाच म्हणत. आणि पाचवी एक नर्स. अकरा वर्षं वॉर्डात काढल्यावर तिची पाठ गेली होती आणि तिला बसून करायचं काम हवं होतं. ती इथंही ‘सिस्टर’च राहिली.

मुलाखतीत तो समोर एक स्टेपलर ठेवायचा. “यात काय काय बिघडू शकतं?” दोघा पदवीधरांनी पिन अडकेल, स्प्रिंग जाईल, असे सात-आठ प्रकार सांगितले. सिस्टरनं स्टेपलरला हातही लावला नाही. “हा द्यायचाय कुणाच्या हातात, ते आधी सांगा,” ती म्हणाली. त्यानं तिला तिथंच घेतलं.

टीम त्यानं खरोखर बांधली. प्रोग्रॅम लिहून झाल्यावर तपासायला जायचं नाही, लिहिण्याआधीच त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, नाहीतर आपलं म्हणजे वरातीमागून घोडं. चूक कामाची लिहायची, माणसाची नाही. ‘त्यानं बटण बिघडवलं’ असं लिहिलं की तो कागद परत. आणि प्रत्येक चुकीच्या तीन ओळी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या तीन ओळींमुळं खिडकीकडचे लोक आणि भिंतीकडचे लोक यांची रोजची भांडणं थांबली. वर्षभरात गिऱ्हाइकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं कौतुकही केलं, पण तेव्हा तो लिफ्टचं दार नीट लागतं का ते बघत होता.

चूक सापडली तर तीन ओळी, हे ठीक. आणि नाही सापडली तर? तर तपासणीच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात काय हवं ते लिहा, एखाददुसरा शब्द पुरे. पास झालेल्याबद्दल एवढं काय बोलायचं, असं त्याचं मत होतं. पुढं सगळं शिजलं ते इथंच.

घरीही त्याचं तेच होतं. भाजीत मीठ कमी पडलं, इस्त्री कॉलरवर फिरली नाही, पोरीचं दप्तर दारातच पडलं, की तिन्ही ओळी ठरलेल्या. मुलगी नऊ वर्षांची असताना ‘अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही’ असं शिकवून, महिन्याभरानं त्यानं ऑफिसातल्या एका माणसाला मुद्दाम घरी धाडलं होतं. “बाबांनी पाठवलंय” म्हटल्यावर पोरीनं दार उघडलं. संध्याकाळी त्यानं तिला समोर बसवून विचारलं, काय केलंस, काय करायला हवं होतंस, काय झालं. ती तिसऱ्या ओळीला रडायला लागली. त्याला वाटलं, आता आयुष्यभर लक्षात राहील. राहिलंच.

बायको गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. बॅग भरताना ती एवढंच म्हणाली, “तुमच्या घरात राहायचं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा. नापास झालं तर तीन ओळी, आणि पास झालं तर तोंडातून एक शब्द नाही.” मुलगी तेव्हा पंधराची. आईबरोबर गेली. जाईपर्यंत ती त्याला ‘बाबा, तू’ म्हणायची. गेल्यावर पहिल्याच फोनला म्हणाली, “बाबा, तुम्ही कसे आहात?” चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाच्या कानातून हे सुटणार थोडंच? पण ही चूक नोंदवायची कुणाकडं?

आता ती दुसऱ्या शहरात नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत होती. दर रविवारी फोन करायची. चार मिनिटं.

“काय चालू आहे?”

“चालू आहे. तुझं?”

“चालू आहे.”

मग हवापाण्याचं थोडं, आणि ठेवते. फोन ठेवल्यावर तो घरभर फिरून खिडक्यांच्या कड्या तपासायचा. दोन खोल्यांना मिळून चार खिडक्या. त्यामुळं हे काम काही फार पुरायचं नाही.

आणि मग ते प्रकरण झालं.

नव्या आवृत्तीत एक सोय वाढवली होती: जवळच्या माणसानं फोन नंबर बदलला तर नवा नंबर भरता यावा. तपासणी सिस्टरकडं होती. पाच वाजेपर्यंत तिचं निम्मं झालं. उरलेलं उद्या, म्हणून तिनं तक्त्यात त्या ओळीपुढं लिहिलं, ‘चालू आहे’, आणि घरी गेली. वॉर्डातली सवय. पाळी बदलताना नर्स लिहून जाते, ‘सलाईन चालू आहे’. त्याचा अर्थ, अजून संपलेलं नाही, पुढच्यानं लक्ष ठेवावं.

सहा वाजता शंकासुरानं तक्ता उघडला. आवृत्ती त्याच संध्याकाळी सोडायची होती. त्यानं वाचलं, ‘चालू आहे’, ते मामाच्या दुकानातल्या डोळ्यांनी. पुठ्ठ्याची चिठ्ठी. गिऱ्हाइकाला द्यायला हरकत नाही. त्यानं सही केली. दाराचं कुलूप तीनदा ओढणाऱ्या माणसानं हा शब्द एकदाही ओढून बघितला नाही.

अकरा दिवसांनी एक निवृत्त शिक्षिका सकाळी सातला न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. नऊला फोन बाहेर टेबलावर विचारत राहिला, ठीक आहात ना. दहाला मेसेज गेला. मुलाचा नवा नंबर पडद्यावर दिसत होता, पण मेसेज गेला जुन्याच नंबरवर, जो आता कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीला शंका आली तेव्हा दार फोडलं. बाई वाचल्या. खुबा मोडला.

साहेबांनी तक्ता समोर ठेवला. “हे कुणी लिहिलंय?”

“सही माझी आहे.”

“सही तुमची आहे ते दिसतंय मला. लिहिलं कुणी?”

“लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलंय,” तो म्हणाला. “वाचणारा चुकला. वाचणारा मी.”

साहेबांनी चार दिवस नाव काढायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. सिस्टरनं मात्र राजीनामा लिहून आणला. त्यानं तो उभ्याउभ्याच वाचला आणि घडी घालून परत दिला.

“तुम्हाला नाही काढायचं,” तो म्हणाला. “त्या शब्दाला काढू.”

त्या दिवसापासून तक्त्यात ‘चालू आहे’ लिहायला बंदी. पास झालेल्यालाही तीन ओळी. जो कुणी हा शब्द लिहील त्यानं सगळ्यांसाठी चहा आणायचा. पहिल्या आठवड्यात तक्रारवाल्यानं नऊ वेळा चहा आणला.

शिक्षिकांना भेटायला तो एकटाच गेला. कंपनीकडून फुलं घेऊन. फुलं कुठं ठेवावीत हे त्याला कळेना, त्यानं ती खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभा राहिला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

“बाहेर भिंतीवर ठोक्यांचं घड्याळ आहे आमच्या,” त्या म्हणाल्या. “दहाचे ठोके पडले तेव्हा मला इतकं हायसं वाटलं बघा. म्हटलं, चला, बटण दाबलं नाही, आता येईल कुणीतरी. मग अकरा पडले. मग बारा. मी आपली मोजतेय.”

त्या रात्री कड्या तपासून झाल्यावर तो पलंगावर बसला आणि फोनमधली ती चौकट उघडून बघत राहिला. जवळची व्यक्ती. त्याला भीती वाटली. साधी, लहान मुलासारखी भीती वाटली. त्या बाईंना मोजायला ठोके तरी होते आणि वाट बघायला मुलगा तरी.

प्रोग्रॅम दुरुस्त झाला. सगळे नंबर बदलून पुन्हा तपासले. मग सिस्टर म्हणाली, “सर, तपासणीचे आपले सगळे फोन एकाच ड्रॉवरमध्ये असतात. मेसेज पोचला म्हणजे ड्रॉवरपर्यंत पोचला. माणसापर्यंत पोचतो का, ते कधी बघितलंय आपण?”

मुद्दा बिनतोड होता. ठरलं की सहाही जणांनी आपापल्या खऱ्या माणसाचा नंबर घालायचा आणि बुधवारी बटण दाबायचं नाही. नंबर दिलाय एवढंच घरच्यांना सांगायचं, कोणता दिवस ते नाही.

“घाबरतील हो सर,” सिस्टर म्हणाली.

“आधी सांगितलं तर ती तपासणी नाही, नाटक झालं.”

मग यादी करायला सगळ्यांचे नंबर उतरवून घेताना तिचं पेन थांबलं. “सर, हा तुमचाच नंबर आहे.”

“तात्पुरता टाकला होता.”

“कधी?”

त्यानं टेबलाचा ड्रॉवर नीट लागलाय का ते ओढून बघितलं. तीही अकरा वर्षं वॉर्डात काढलेली. कुठं पुन्हा विचारायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं ती जागा कोरी सोडली आणि कागद त्याच्याकडं सरकवला.

मुलीला फोन करावा की न करावा यात त्याचे दोन दिवस गेले. शेवटी मेसेजच केला: ‘एका सोयीसाठी जवळची व्यक्ती म्हणून तुझा नंबर देत आहे. चालेल का?’ उत्तर संध्याकाळी आलं. ‘हो.’ त्या एका अक्षरात राग आहे, कंटाळा आहे की आणखी काही, हे त्याला बराच वेळ बघूनही ठरवता आलं नाही.

बुधवारी नऊला सहा फोननी विचारलं, ठीक आहात ना. सहाही जण हाताची घडी घालून बसले. दहा वाजले.

दहा-एकला सिस्टरचा फोन वाजला. तिचा नवरा एवढ्या मोठ्यानं ओरडत होता की खिडकीकडच्यांनीही माना वळवल्या. तो एक बूट घालून जिन्यापर्यंत आला होता. तक्रारवाल्याच्या भावाचा मेसेज आला, ‘मेलास काय रे?’, आणि पाठोपाठ फोन. एका पदवीधराची आई रडत होती, दुसऱ्याचा खोलीतला दोस्त शिव्या देत होता. मुद्रितशोधकाच्या बायकोनं फोनबिन केलाच नाही. पावणेअकराला ती स्वतःच छत्री घेऊन दारात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत त्याची अशी काही हजेरी घेतली की बिचाऱ्याला एकही शब्द सुधारता आला नाही. सगळे हसत होते. हसता हसता एकेकजण शंकासुराच्या टेबलाकडं बघून नजर काढून घेत होता.

त्याचा फोन टेबलावर उताणा पडला होता. पडद्यावर नोंद होती: मेसेज पोचला, दहा. वाचला, दहा-दोन.

त्यानं तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. तपासताना मध्ये हात घालायचा नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हे खोटं होतं. त्याला ऐकायची भीती वाटत होती, एवढंच.

साडेअकराला साहेब आले. “सहाच्या सहा पोचले ना? मग करा सही.”

पोचले होतेच. काय केलं: बटण दाबलं नाही. काय व्हायला हवं होतं: दहाला मेसेज जावा. काय झालं: गेला. कुठंही खोट नव्हती. प्रोग्रॅमची हद्द तिथं संपत होती, आणि पुढं त्याची स्वतःची सुरू होत होती. बाकीच्या पाचांच्या ओळी भरून त्यानं आपली ओळ मागं ठेवली. “जेवणानंतर देतो,” म्हणाला.

साडेबाराला सगळे जेवायला गेले. त्यानं डबा उघडला, झाकण लावलं, नीट लागलं का बघितलं, आणि तसाच बसला. भिंतीपलीकडं कुणीतरी नळ सोडला, बंद केला. पावणेएकला फोन वाजला.

“बाबा?”

“हं.”

पलीकडं गाड्यांचा आवाज होता आणि तिचा श्वास, पळत आल्यासारखा.

“मेसेज मी दहालाच वाचला. म्हटलं, झालं यांचं सुरू. पुन्हा माझी परीक्षा. म्हणून मुद्दामच नाही केला फोन.”

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “तपासणीच होती. मी सांगायला हवं होतं.”

“ऐका ना. मला वाटलं, दहा-पाचला तुमचा फोन येणार. काय केलंस, काय करायला हवं होतंस. वाटच बघत होते मी, चांगलं सुनवायचं ठरवून. अकरा वाजले, आला नाही. बारा वाजले. नापास झालेल्याला तुम्ही फोन करणार नाही, असं होईल का कधी? मग मी ऑफिसातून तशीच पळत सुटले. मी स्टँडवर आलेय, बस लागलीय समोर.” ती थांबली, आणि मग एकदम, नऊ वर्षं मध्ये गेलीच नसल्यासारखी म्हणाली, “बाबा, तू ठीक आहेस ना?”

त्यानं ऐकलं. नीट ऐकलं. त्याच्या ओठांवर ठरलेले दोन शब्द आले होते. त्यानं ते गिळले.

“नाही गं,” तो म्हणाला. “तब्येतीला काही झालेलं नाही. पण ठीक नाहीये मी. बरीच वर्षं.”

गाड्यांचा आवाज येत राहिला.

“येऊ का?”

“सुट्टी आहे तुला?”

“बाबा. येऊ का?”

“ये,” तो म्हणाला. मग लक्षात आलं, आजवर न केलेली एक गोष्ट राहिली आहे. “आणि फोन केलास ते फार बरं केलंस. फार बरं वाटलं मला.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि कंडक्टरची हाक, आणि फोन बंद झाला.

जेवून सगळे परतले तेव्हा तो तक्त्यातली आपली ओळ भरत होता. सिस्टर मागून येऊन थांबली. काय केलं, काय व्हायला हवं होतं, दोन्ही ओळी व्यवस्थित होत्या. तिसऱ्या ओळीत, काय झालं याच्यापुढं, त्यानं लिहिलं होतं: ‘फोन आला. दोन तास पंचेचाळीस मिनिटं उशिरा. बाकी चालू आहे.’

“सर,” ती हळूच म्हणाली, “शब्द.”

“माहितीय.”

“कोणत्या अर्थी लिहिलाय तो?”

“तुमच्या,” शंकासुर म्हणाला. मग तो उठला, कपाटातला ट्रे काढला आणि सहा कप मोजून घेऊन चहा आणायला गेला.